थंडीची सुट्टी जाहीर करण्याआधी

प्रिय चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. गेल्या आठवड्यातील थंडीत तू मुख्याध्यापकांच्या अधिकारातील सुट्टी वापरून दोन दिवस शाळा बंद ठेवलीस आणि त्यानंतर गावातील बाया तुझ्याशी तुटकपणे बोलू लागल्या, हे वाचून मला आश्चर्य वाटले नाही. तुझ्या हेतूबद्दल माझ्या मनात शंका नाही. पत्र्याच्या छपराखाली पहिलीची लेकरे कुडकुडत बसलेली पाहून ज्याचा जीव तुटत नाही, त्याने या पेशात येऊ नये. मात्र कोल्हापूरकडून येऊन तुला इथे विदर्भात जेमतेम पाच-सहा महिने झाले आहेत, आणि आमच्याकडचा हिवाळा म्हणजे केवळ थंडीचे दिवस नसून वर्षभराच्या कमाईचा हंगाम असतो, ही गोष्ट तुला कोणी सांगितलेली दिसत नाही. ती सांगण्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

दिवाळीपासून पौष-माघापर्यंत या भागात कापूस वेचणी चालते. त्याच सुमारास तूर सोंगणीला येते, हरभरा आणि गहू ओलिताखाली असतात, तालुक्याच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, पाळ्या सुरू होतात. वर्षातले हे तीन-चार महिने बाईच्या हाताला रोज काम असते आणि ते किलोच्या हिशेबाने असते. दिवसभर कमरेच्या ओटीत जमा केलेला कापूस संध्याकाळी काट्यावर चढतो आणि जितके वजन भरेल तितकी मजुरी हाती पडते. एखादी बाई घरी राहिली, तर त्या दिवसाचा खाडा होतोच. शिवाय लागोपाठ दोन-तीन दिवस ती आली नाही, तर टोळीतली तिची जागा दुसरीला मिळते. भल्या सकाळी ऑटो किंवा मेटॅडोर चौकात येऊन उभा राहतो आणि कोणासाठीही फार वेळ थांबत नाही. अंगावर नवऱ्याचा जुना शर्ट चढवलेली, डोक्याला दुपट्टा घट्ट गुंडाळलेली, हातात भाकरीचा डबा धरलेली बाई त्या गाडीत चढण्याआधी घराच्या दिशेने वळून पाहते, ते दृश्य तू एकदा पहाटे उठून चौकात जाऊन पाहा. तिला त्या क्षणी काय विचारावेसे वाटत असेल, ते तुला आपोआप समजेल.

तू म्हणशील की घरी वडील असतात. थंडीतच वडील घरी नसतात, हे इथले वास्तव आहे. शेतीपंपांना वीज पाळीपाळीने मिळते आणि रात्रपाळीचा आठवडा आला की माणूस रात्रभर वावरात पाणी देत उभा असतो. ज्याच्याकडे ओलीत नाही, तो रानडुकरे आणि रोही (नीलगाय) यांच्यापासून पीक राखण्यासाठी जागलीला जातो. काही जण कापसाची गाडी घेऊन खरेदी केंद्रापुढच्या रांगेत रात्र काढतात. पहाटे घरी परतलेला असा माणूस निपचित झोपी जातो आणि तो घरात असला तरी लेकरांच्या दृष्टीने नसल्यासारखाच असतो. सगळ्यांच्या घरी आजी-आजोबा असतात हाही समज सोडून दे, कारण ज्या आजीचे हात चालतात, ती आजीही वेचणीलाच जाते.

हे सगळे मजुरांपुरतेच आहे असेही मानू नकोस. तुझ्याच गावातील अंगणवाडी सेविका आणि आरोग्याचे काम करणाऱ्या आशा कार्यकर्त्या या स्वतः आया आहेत, आणि तू सुट्टी दिलीस म्हणून त्यांना कोणी सुट्टी देत नाही.

आता थंडीबद्दल. हवामान खात्याच्या निकषानुसार सपाट प्रदेशात किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली गेले आणि ते सरासरीपेक्षा किमान 4.5 अंशांनी कमी असले, तर थंडीची लाट मानतात. पारा 4 अंशांवर किंवा त्याखाली गेला, तर सरासरीशी तुलना करण्याचीही गरज राहत नाही. विदर्भात असे दिवस येतात. 29 डिसेंबर 2018 रोजी नागपुरात 3.5 अंशांची नोंद झाली होती, तेव्हा आमच्याकडे सकाळी अंगणातल्या बादलीत हात घालवत नव्हता. परंतु आमची थंडी कशी येते ते समजून घे. उत्तरेकडून कोरडे वारे सुरू होतात, आभाळ निरभ्र होते, आणि दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता झपाट्याने सोडून देते. त्यामुळे सर्वांत कडक वेळ सूर्योदयाच्या आसपासची असते आणि ज्या निरभ्र आभाळामुळे रात्र गारठते, त्याच आभाळामुळे दहा वाजेपर्यंत अंगणात चांगले ऊन येते. काश्मीर खोऱ्यात डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत शाळांना लांब सुट्टी असते, कारण तिथे दिवस वर आला तरी बर्फ आणि गारठा हटत नाही. ती सुट्टी दरवर्षीची असल्यामुळे घरोघरी तिची तजवीज आधीच झालेली असते. आपली अडचण अगदी वेगळी आहे. ती सकाळच्या दोन-तीन तासांची आहे आणि तिच्यासाठी अख्खा दिवस बंद ठेवण्याचे कारण क्वचितच असते.

तुझी रोजची शाळा साडेदहाला भरते. त्या वेळेला थंडीची लाट म्हणून दार लावण्याऐवजी वर्ग उन्हात घेतले असते, तरी लेकरांचे रक्षण झाले असते. शनिवारच्या सकाळच्या शाळेचा प्रश्न निराळा आहे. तिथे वेळ पुढे ढकलणे योग्यच ठरेल. पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 किंवा त्यानंतर भरवावेत, असा निर्णय राज्य शासनाने 2024 मध्ये घेतला, त्यामागे मुलांच्या झोपेचा विचार होता. थंडीसाठीही तो उपयोगी आहे. वेळ बदलणे आणि शाळा बंद ठेवणे यांतला फरक कागदावर लहान दिसतो, पण मुलाच्या ताटात तो मोठा असतो. पोषण आहार शाळेच्या दिवशी मिळतो, सुट्टीच्या दिवशी मिळत नाही. प्राथमिकच्या मुलासाठी या जेवणात 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिने असावीत, असे प्रमाण ठरलेले आहे, आणि आई पहाटे पाचला भाकरी थापून गेलेल्या घरात दुपारचे गरम अन्न हेच एक असते. पाचवीपर्यंत 200 आणि सहावी ते आठवीसाठी 220 दिवस शाळा चालली पाहिजे, ही शिक्षण हक्क कायद्याची अट तुला ठाऊक आहेच.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती सहा ते अकरा वर्षांच्या मुलाची. सहाव्या वर्षापर्यंत अंगणवाडी आहे. रोजगार हमीच्या 2005 च्या कायद्यातसुद्धा कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांना सांभाळण्यासाठी एका बाईला नेमावे, अशी तरतूद करण्यात आली होती. सहा पूर्ण झाली की मूल शाळेचे झाले, असे सगळ्या व्यवस्थेने गृहीत धरलेले आहे. म्हणून शाळेचे दार लागले की त्याला घेणारे दुसरे दार गावात उरत नाही. मग तीनच वाटा राहतात. एक तर मूल आईबरोबर वावरात जाते, दवाने ओल्या झालेल्या पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या झाडांत, उभे राहते, आणि थंडीपासून वाचवण्यासाठी दिलेली सुट्टी ते शाळेपेक्षा जास्त थंडीत घालवते. थोड्या दिवसांत त्याच्याही कमरेला लहानशी ओटी बांधली जाते. किंवा ते घरी एकटे राहते. थंडी वाजली की ते चूल पेटवणार किंवा शेकोटी करणार, आणि आपल्याकडे पऱ्हाटीच्या वाळलेल्या काड्यांचा ढीग घराच्या कुडालाच लागून असतो, हे तू पाहिले असशील. तिसरी वाट मोठ्या बहिणीची. पाचवी-सातवीतली मुलगी धाकट्यांना सांभाळायला घरी राहते, आणि प्राथमिक शाळा पुन्हा सुरू झाली तरी तिचे घरी राहणे संपत नाही, कारण ती घर नीट सांभाळते हे एव्हाना सगळ्यांच्या लक्षात आलेले असते. मी केंद्रप्रमुख म्हणून आसपासच्या शाळा पाहत असताना हिवाळ्यातले हजेरीपट चाळायचे, तेव्हा मुलींच्या नावापुढच्या सलग गैरहजेरीचा माग काढत गेले की बहुतेक वेळा तो कुठल्या तरी धाकट्या भावंडापर्यंत पोहोचायचा. या मुलींचे नुकसान कोणी ओरडून सांगत नाही, म्हणून ते तुला तुझ्या निर्णयाचा परिणाम वाटणारही नाही. तू ते शोधून पाहावेस, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

म्हणून माझे सांगणे इतकेच की थंडीबद्दल काहीही ठरवण्याआधी सकाळी आठ वाजता कोणते मूल कुठे असेल, याची यादी तुझ्याजवळ तयार हवी. दोन शिक्षकी शाळेत ही यादी करायला एक संध्याकाळ पुरते. आई किती वाजता निघते, घरी कोण असते, फोन कोणाजवळ राहतो, एवढे तीन प्रश्न विचार. तिसरा प्रश्न क्षुल्लक समजू नकोस. तू रात्री नऊ वाजता पालकांच्या गटावर संदेश टाकलास असे लिहिले आहेस. पण पुष्कळ घरांत एकच स्मार्टफोन असतो आणि तो वडिलांबरोबर जागलीला गेलेला असतो. ज्या बाईला निर्णय कळायला हवा, तिला तो सकाळी शाळेच्या फाटकाला लागलेल्या कुलपावरून मुलांकडून कळला, आणि तोवर तिची गाडी निघून गेली होती. तिच्या रागाचे मूळ बहुधा इथेच असावे. नागपूरचे प्रादेशिक हवामान केंद्र जिल्हावार अंदाज काही दिवस आधी देते, तेव्हा थंडी अचानक आली असे म्हणायला फारसा वाव नाही. सूचना आदल्या दिवशी दिवे लागायच्या सुमारास, बाया वावरातून परतल्यावर, ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून दोनदा द्यावी. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश उशिरा आला आणि शाळा बंद ठेवणे भागच असले, तर निदान यादीतल्या एकट्या राहणाऱ्या मुलांच्या घरी त्याच रात्री स्वतः जाऊन ये.

त्यापुढची पायरी मला अधिक महत्त्वाची वाटते. कडक थंडीच्या दिवसांत शाळेची एक खोली आणि तिच्यापुढचे उन्हाचे अंगण सकाळी आठपासून उघडे असावे. शिकवणे साडेदहालाच सुरू होऊ दे. पण तोवर ज्याच्या घरी कोणी नाही, त्या मुलाला बसायला जागा असावी. तिथे कोण बसणार, हा प्रश्न तू लगेच विचारशील, आणि तो खरा आहे. हे काम स्वयंपाकी-मदतनीस बाईवर लोटू नकोस. तिच्या मानधनात आधीच पुष्कळ कामे कोंबलेली आहेत आणि तिचीही लेकरे त्याच वर्गात आहेत. गावात वेचणीला न जाणारे दोन-चार म्हातारे, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुले-मुली, बचत गटातल्या एखाद्या बाई, अशा लोकांची पाळी लावता येते. तू गावातच राहतोस, ही तुझी मोठी सोय आहे. तालुक्याहून येणे-जाणे करणाऱ्या शिक्षकाला हे जमले नसते. कोण आले, कोण गेले याची वही ठेव, आणि शेकोटी करायची असेल तर मोठ्या माणसाशिवाय करायची नाही, हा नियम पहिल्याच दिवशी घाल.

हे सर्व तुझ्या एकट्याच्या भरवशावर करू नकोस. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदा सांगतो. पण समितीची सभा दुपारी बारा वाजता बोलावली, तर त्या स्त्रिया फक्त सहीपुरत्या उरतात, आणि ती सहीसुद्धा नंतर घरी जाऊन घ्यावी लागते. सभा रात्री आठ वाजता, जेवणे आटोपल्यावर, शाळेच्या ओट्यावर घे. पहिली पंधरा मिनिटे पुरुषच बोलतील. त्यांचे बोलून झाल्यावर कोपऱ्यात बसलेल्या एखाद्या वेचणीवाल्या बाईला नावाने विचार की तिला किती वाजता निघावे लागते. तिच्या पाठोपाठ बाकीच्या बोलू लागतील, आणि तुला आज ज्यांचा राग दिसतो आहे, त्यांच्याकडूनच उपाय मिळतील.

या महिन्यात अजून थंडी पडेल, तेव्हा सभा याच आठवड्यात होणे बरे. ठरावात तीन गोष्टी स्पष्ट लिहून घे: थंडीच्या दिवसांत शनिवारची वेळ काय असेल, सूचना कोण आणि केव्हा देईल, आणि सकाळच्या खोलीची पाळी कोणाची. ठरावाची एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठव आणि एक ग्रामपंचायतीच्या फलकावर लाव. पाळीसाठी माणूस कमी पडत असेल, तर मला कळव. तुझ्या शेजारच्या गावातील दोन निवृत्त शिक्षक माझ्या ओळखीचे आहेत आणि मी त्यांच्याशी बोलेन.

तुझी शुभचिंतक,
बाई