जुनी ई-ट्रॉन घ्यावी का? बॅटरीची धास्ती आणि खरा खर्च

आपला प्रश्न असा आहे : ऑक्टोबर २०२१ मध्ये नोंदलेली, मुंबईच्या एमएच-०२ पासिंगची, ४१ हजार किलोमीटर चाललेली, विजेवर चालणारी ऑडी ई-ट्रॉन ५५ एक विक्रेता आपल्याला ५२ लाखांना देऊ करत आहे. गाडी एका खासगी कंपनीच्या नावावर आहे. आपण कोथरूडला सोसायटीत राहता, आठवड्यातून एकदा मुंबईला आणि अधूनमधून कोल्हापूरला जाता, आणि बॅटरी गेली तर काय, या एका भीतीने आपले पाऊल अडले आहे. थोड्या कमी किमतीत मिळणारी जॅग्वार आय-पेस किंवा मर्सिडीज ईक्यूसी बरी का, हेही आपण विचारले आहे.

माझे मत आधीच सांगतो. गाडी घेण्याजोगी आहे, पण ५२ लाखांना नाही. बॅटरीवर कंपनीची आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत वॉरंटी आहे. गाडीच्या उरलेल्या भागांवरची मूळ वॉरंटी मात्र या गाडीच्या वयाला संपलेली असते. खिशाला चाट बसते ती या उरलेल्या भागांमुळे, आणि विक्रेता नेमके त्यांच्याबद्दल बोलत नाही.

किंमत इतकी का उतरली, हे समजून घेतले तर घासाघीस सोपी जाते. जुलै २०२१ मध्ये ई-ट्रॉन भारतात आली तेव्हा ५५ ची शोरूम किंमत एक कोटी १६ लाखांच्या घरात होती. ती बेल्जियमहून पूर्ण बनून येत असल्यामुळे त्या किमतीत आयात शुल्काचा वाटा मोठा होता, आणि जुन्या गाडीच्या बाजारात आयात शुल्काचे पैसे कोणी देत नाही. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये हीच गाडी मोठ्या, ११४ युनिटांच्या (एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास वीज) बॅटरीसह क्यू८ ई-ट्रॉन या नावाने आली आणि जुने मॉडेल एका दिवसात मागच्या पिढीचे ठरले. तिसरे कारण कराचे आहे. व्यवसायासाठी घेतलेल्या विजेच्या गाडीवर आयकरात ४० टक्के घसारा (वापराने घटणाऱ्या किमतीची वार्षिक वजावट) मिळतो, साध्या मोटारीवर १५ टक्के. त्यामुळे कंपनीच्या नावावरच्या बऱ्याच गाड्या कराचा बहुतेक फायदा घेऊन झाल्यावर तीन-चार वर्षांत विक्रीला निघतात. आपल्याला दाखवलेली गाडी बहुधा त्यांतलीच आहे, आणि ही वाईट गोष्ट नाही. गाडीत खोट असल्यामुळे ती विकली जात असेलच असे नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता बॅटरी. ई-ट्रॉन ५५ ची बॅटरी ९५ युनिटांची आहे, पण त्यांपैकी वापराला सुमारे ८६ युनिटच मिळतात. उरलेला भाग कंपनीने राखीव ठेवलेला आहे. ही राखीव जागा बरीच मोठी असल्यामुळे ही बॅटरी तुलनेने सावकाश थकते. आत ३६ मॉड्यूल, म्हणजे सेलचे गट, आहेत आणि त्यांच्याभोवती २२ लिटर कूलंट (थंड ठेवणारे द्रव) फिरते. एखादे मॉड्यूल बिघडले तर तेवढेच बदलता येते, त्यामुळे ‘बॅटरी गेली म्हणजे गाडीच गेली’ हे समीकरण इथे लागू होत नाही. क्षमता मूळच्या ७० टक्क्यांखाली गेली तर ती वॉरंटीत बसते. आपल्या गाडीसाठी ही मुदत ऑक्टोबर २०२९ च्या सुमारास संपते. नेमकी तारीख पहिल्या मालकाला गाडी मिळाली त्या दिवसावरून धरतात, म्हणून अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून चेसिस क्रमांकावर ती लेखी मागून घ्या.

एक बारकावा इथेच सांगतो. अशा वॉरंटीत सगळ्यांत गैरसोयीची बॅटरी ६८ टक्क्यांची नसते, ७२ टक्क्यांची असते. ६८ वाली दुरुस्त करून मिळते. ७२ वाली आपल्याच गळ्यात राहते. म्हणून ‘वॉरंटी आहे ना’ एवढ्यावर समाधान न मानता आज प्रत्यक्ष किती क्षमता उरली आहे ते मोजलेच पाहिजे.

डॅशबोर्डवर दिसणारा अंतराचा आकडा यासाठी बिनकामाचा आहे. मागच्या काही दिवसांत गाडी कशी चालवली यावरून तो ठरतो, आणि शहरात संथ फिरवलेली गाडी भरपूर आकडा दाखवते. त्यापेक्षा असे करा. गाडी २० टक्क्यांच्या आसपास आणायला सांगा, एखाद्या सार्वजनिक डीसी (जलद) चार्जरवर न्या, गाडीतले वातानुकूलन बंद ठेवा आणि ८० टक्क्यांपर्यंत चार्ज करा. चार्जरच्या पावतीवर युनिट छापून येतात. नव्या गाडीत या ६० टक्क्यांसाठी सुमारे ५२ युनिट लागतील. पावतीवर ४७ आले तर ४७ भागिले ०.६ म्हणजे ७८ युनिट, अर्थात मूळच्या नव्वद टक्के. चार वर्षांच्या गाडीला हे उत्तम आहे. ४२ आले तर ७० युनिट, म्हणजे ऐंशीच्या आसपास, आणि तिथे मी हात आखडता घेईन. पावतीतले एखाद-दोन युनिट गाडी स्वतःला थंड ठेवण्यात खर्च करते, तेव्हा खरा आकडा किंचित कमीच धरा. हीच चाचणी घरच्या (एसी विजेच्या) संथ चार्जरवर केली तर मीटरवरचे साधारण दहा टक्के युनिट वाटेत उष्णतेत जातात, हे हिशेबात घ्यावे लागते. यानंतर सर्व्हिस सेंटरमध्ये निदान-यंत्र लावून सेलच्या व्होल्टेजमधला फरक आणि इन्सुलेशनच्या नोंदी पाहता येतात. त्याचे शुल्क आपण भरा, विक्रेत्याला भरू देऊ नका. ज्याने पैसे दिले त्याच्या हातात अहवाल येतो.

दुसरी तपासणी गाडी लिफ्टवर चढवून करायची. जवळजवळ ७०० किलोची बॅटरी गाडीच्या पोटाखाली सपाट पसरलेली असते आणि आपल्याकडचे गतिरोधक कोणत्या मापाने बांधले जातात हे आपण जाणता. खालचे आवरण काढायला लावा आणि टॉर्च घेऊन स्वतः पाहा. वरवरचे ओरखडे चालतील. खड्डा पडला असेल, एखादा बोल्ट नवा आणि शेजारचे जुने असतील, कडेला कूलंटचा वाळलेला पांढरट-रंगीत डाग असेल, तर तिथेच थांबा, कारण बाहेरून आपटून झालेले नुकसान बॅटरीच्या वॉरंटीत बसत नाही. ते विम्याचे प्रकरण होते, आणि जुना आघात नव्या मालकाच्या विम्यात बसत नाही. मुंबईची गाडी असल्याने पाण्याचीही खातरजमा हवी : सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, मागच्या डिकीतल्या तळाच्या फटीत हात घाला, सीटखालच्या जोडण्यांवर हिरवट बुरशी आहे का ते पाहा. विमा कंपनीकडून आधीच्या दाव्यांचा इतिहास मिळवायला विक्रेत्याला सांगा. टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.

आता ज्या भागांवर वॉरंटी नाही ते. ई-ट्रॉनला एअर सस्पेन्शन आहे, म्हणजे गाडी साध्या स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर तोललेली असते. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी चारही कोपऱ्यांची उंची पाहा. एक कोपरा बसलेला असेल तर हवा गळते आहे, आणि गळतीमुळे सतत चालणारा कंप्रेसरही मग फार दिवस टिकत नाही. मोटारींच्या कूलंट सीलमधून गळती होण्याच्या तक्रारी या मॉडेलमध्ये परदेशात झाल्या आहेत, तेव्हा कूलंट वारंवार भरावे लागले आहे का, हे सर्व्हिसच्या नोंदींत शोधा. ब्रेकची गंमत वेगळी आहे. या गाडीत वेग कमी करण्याचे बहुतेक काम मोटारीच करतात, म्हणून पॅड झिजत नाहीत, पण समुद्राच्या हवेत डिस्कला गंज चढतो. ४१ हजारांवर पॅड नव्यासारखे आणि डिस्क खडबडीत, असे दृश्य अगदी शक्य आहे. अडीच टनांच्या गाडीचे टायर लवकर जातात आणि चारांचा संच लाखाच्या पुढे जातो, तेव्हा त्यांवरची निर्मितीची तारीख वाचा. चार्जिंगची मूळ केबल आणि दोन्ही किल्ल्या मोजून घ्या. ऑडीच्या ॲपवर जुना मालक मुख्य वापरकर्ता म्हणून राहिला असेल तर त्याने आपले नाव आपल्यासमोर काढले पाहिजे. नाहीतर गाडी कुठे आहे हे त्याला दिसत राहते, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

या सगळ्यावर उपाय एकच आहे : अधिकृत केंद्राकडून वाढीव वॉरंटी आपल्या नावावर मिळते का आणि किती वर्षांची, हे व्यवहाराआधी विचारणे. मिळत असेल तर केंद्राने गाडी तपासूनच ती दिलेली असते, म्हणजे तपासणीही आपोआप होते. मिळत नसेल तर मी किमतीतून चार-पाच लाख बाजूला काढून ठेवीन. धडकेत पत्रा किंवा दिवा गेला तर भाग परदेशातून येईपर्यंत काही आठवडे गाडी उभी राहू शकते, हेही मनात धरून चाला. ही गाडी बनवणारा ब्रसेल्सचा कारखाना फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाला. सुटे भाग मिळत राहतील, पण वाट पाहण्याचा काळ त्याने कमी होणार नाही.

आय-पेस चालवायला या तिघींत सगळ्यांत मजेदार आहे, तरीही मी तिची शिफारस करणार नाही. तिचे उत्पादन थांबले आहे, जॅग्वारने आपली जुनी मॉडेले जवळपास सगळीच बंद केली आहेत, आणि अमेरिकेत बॅटरी पेट घेण्याच्या धोक्यामुळे तिच्यावर वारंवार रिकॉल (दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावणे) काढावे लागले; तिथल्या २०१९ च्या गाड्या तर कंपनीने परत विकत घेतल्या. भारतातल्या गाड्या नंतरच्या आहेत, पण पुन्हा विकताना समोरचा हाच इतिहास काढणार. ईक्यूसी शांत, भक्कम आणि आरामदायी आहे, बॅटरी ८० युनिटांची; मात्र ती ऑक्टोबर २०२० पासून विकली गेल्याने पहिल्या खेपेच्या गाड्यांची बॅटरीची वॉरंटी २०२८ लाच संपते, तेव्हा किंमत तेवढी कमी असेल तरच विचार करावा. आणि न विचारलेले एक सांगतो : याच रकमेच्या आसपास नवी ह्युंदाई आयोनिक ५ येते. तिच्यातही १२ व्होल्टची छोटी बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्रणेतल्या दोषासाठी २०२४ मध्ये १,७४४ गाड्या परत बोलावल्या होत्या, पण नव्या गाडीची पूर्ण वॉरंटी ही वेगळीच निश्चिंती असते. आपल्याला ऑडीचीच बैठक आणि शांतता हवी असेल तर हा मुद्दा सोडून द्या.

प्रवासाचे गणित मात्र आपण पुन्हा मांडावे, असे मला वाटते. द्रुतगती मार्गाच्या वेगाने ही गाडी शंभर किलोमीटरला २४-२५ युनिट घेते. कोथरूडहून मुंबईला जाऊन येणे म्हणजे ३०० ते ३२० किलोमीटर, म्हणजेच ७५ ते ८० युनिट, आणि नव्वद टक्के क्षमतेच्या बॅटरीत आपल्याकडे आहेतच ७८. परतताना बोरघाट चढायचा असतो. इतके वजन सुमारे साडेपाचशे मीटर उचलायला चार-पाच युनिट जास्तीचे लागतात, जाताना उतारावर त्यांतले बरेचसे परत मिळालेले असतात एवढाच दिलासा. तेव्हा मुंबईत किंवा परतीच्या वाटेवर एकदा चार्जिंग लागणारच. ई-ट्रॉन १५० किलोवॅटचा वेग जवळजवळ ८० टक्क्यांपर्यंत टिकवते, पण ३० किंवा ६० किलोवॅटच्या चार्जरवर या गुणाचा उपयोग शून्य. आपल्या वाटेवरचे १२० किलोवॅटच्या वरचे चार्जर आधीच हेरून ठेवा. कोल्हापूर एका बाजूने सुमारे २३० किलोमीटर आहे, तिथे रात्रीच्या मुक्कामी चार्जिंगची सोय असेल तर काहीच अडचण नाही. अटल सेतूवर विजेच्या मोटारींना ऑगस्ट २०२५ पासून टोल माफ आहे, तो लाभ नाव बदलल्यावरही मिळतो.

कागदपत्रांत कंपनीची गाडी म्हणून थोडे जास्त लक्ष लागते. विक्रीला मंजुरी देणारा संचालक मंडळाचा ठराव, आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५, तसेच हस्तांतरणाचे फॉर्म २९ आणि ३० हवेत. जानेवारी २०२५ पासून जुन्या विजेच्या गाडीच्या व्यवहारातल्या नफ्यावर व्यावसायिक विक्रेत्याला १८ टक्के जीएसटी भरावा लागतो, म्हणून सांगितलेली किंमत जीएसटीसह आहे का हे पावतीच्या मसुद्यावर पाहून घ्या. नंतर ‘साहेब, टॅक्स वेगळा’ असे ऐकावे लागू नये. विमा हस्तांतरासाठी १४ दिवसांच्या आत अर्ज करा. नो-क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो आपल्याकडे येत नाही, त्यामुळे हप्ता विक्रेत्याने दाखवलेल्यापेक्षा जास्त येईल.

किमतीविषयी. चाचणीत नव्वदच्या आसपास क्षमता निघाली, पोट स्वच्छ निघाले आणि वाढीव वॉरंटी मिळत असेल तर मी ४५ लाखांपासून सुरुवात करून ४७ ला थांबेन. टायर बदलायला आले असतील तर ते त्यातून वजा. विक्रेता चार्जिंगची चाचणी किंवा लिफ्ट नाकारत असेल तर ४० लाखांनाही नको.

टोकन देण्याच्या आधी सोसायटीचे काम करा. आपल्या पार्किंगपर्यंत केबल कुठून येईल, मंजूर भार वाढवावा लागेल का, अर्थिंग ठीक आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून पाहून समितीची लेखी परवानगी घ्या. ७.४ किलोवॅटचा चार्जर बसला तर रात्रीच्या दहा तासांत सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटरचे चार्जिंग होते आणि आपल्याला तेवढे पुरे आहे. घरच्या मीटरवरून घेतले तर जास्त वापराच्या टप्प्यातला चढा दर लागू होतो, म्हणून चार्जिंगसाठी महावितरणचे वेगळे मीटर मागावे. टोकन दिलेच तर त्याच्या पावतीवर ‘बॅटरी चाचणी व लिफ्ट तपासणी समाधानकारक नसल्यास रक्कम परत’ हे वाक्य लिहून त्यावर विक्रेत्याची सही घ्यावी.