बंद पडलेल्या मोबाइलचा वॉकीटॉकी होतो का?

प्रश्न : घरात चार जुने मोबाइल पडून आहेत, दोन कीपॅडचे नि दोन अँड्रॉइड, सगळ्यांची सिमं कधीच बंद झालीत. आमची विहीर उसाच्या पलीकडे आहे, रात्रीची लाईट असली की वडील एकटेच मोटर चालू करायला जातात, तिथं रेंज नाही आणि बिबट्याची भीती असतेच. न्यू जर्सीतला चुलतभाऊ म्हणतो त्याच्याकडचे जुने मोटोरोला रिचार्ज न करता वॉकीटॉकीसारखे चालतात, पाठवू का? आमच्या फोनचं तसं काही होईल का?
– एक वाचक, ता. संगमनेर

उत्तर : कीपॅडवाल्यांवर वेळ घालवू नका. साधा जीएसएम फोन दुसऱ्या फोनशी थेट बोलतच नाही, दोघंही टॉवरशी बोलतात. ९०० मेगाहर्ट्झच्या बँडमध्ये, म्हणजे लहरींच्या पट्टीत, फोन ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झवर पाठवतो आणि ९३५ ते ९६० वर ऐकतो, म्हणजे शेजारी शेजारी ठेवले तरी एकाचं दुसऱ्याला ऐकू येणार नाही. अमुक कोड दाबा की वॉकीटॉकी होतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, कोड दाबून आतलं हार्डवेअर बदलत नाही.

भावाचं म्हणणं मात्र खरं आहे. अमेरिकेत नेक्सटेल या मोबाइल कंपनीचं आयडेन नावाचं नेटवर्क होतं, ते ३० जून २०१३ ला बंद झालं, पण त्यातल्या आय३५५ सारख्या काही मोटोरोला सेटमध्ये टॉवरशिवाय थेट बोलायची वेगळी सोय होती, ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झवर, आणि ही पट्टी तिकडं विनापरवाना मोकळी आहे. दोन्हीकडं चॅनेल नि कोड सारखा ठेवला की बोलणं सुरू. तरी इकडं मागवू नका. आपल्याकडं यातला ९१५ पर्यंतचा भाग मोबाइल कंपन्यांना दिलेला आहे, त्यामुळं तुमचा आवाज जवळच्या टॉवरला गोंगाट म्हणून जाणार, लोकांचे कॉल बिघडणार आणि विनापरवाना वापर म्हणून तुम्ही कायद्यातही अडकाल.

अँड्रॉइडचं जमतं, आणि घरात तर छानच जमतं. वायफाय राउटर लागतो, इंटरनेट नसलं तरी चालतं, पण अॅप मात्र लोकल वायफायवर चालणारं निवडा, कारण झेलोसारखी अॅप इंटरनेटशिवाय बोलत नाहीत. राउटरची इंटरनेटची वायर काढून बोलून बघा, लगेच कळेल. फोन फ्लाइट मोडवर टाकून फक्त वायफाय चालू ठेवा, नाहीतर सिम नसलं तरी तो नेटवर्क शोधत बसतो आणि बॅटरी खातो. त्या अॅपपुरतं बॅटरी सेव्हर बंद करा, नाहीतर स्क्रीन बंद झाली की अॅप झोपतं नि हाक ऐकूच येत नाही. दोन्ही फोन गेस्ट वायफायवर (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर) जोडू नका, बऱ्याच राउटरमध्ये तिथले फोन एकमेकांना दिसत नाहीत. राउटर इन्व्हर्टरवर घ्या. वरच्या मजल्यावरच्या आजीला किंवा गोठ्यात असलेल्या माणसाला हाक मारायला एवढं पुरतं. फोनची पाठ फुगली असेल तर तो चार्जिंगला लावूच नका, बॅटरी पेट घेऊ शकते, सरळ ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या.

पण वडिलांसाठी यावर अवलंबून राहू नका, हे मी कळकळीनं सांगतोय. उभ्या उसाच्या पानांत पाणी असतं, ते वायफायचा सिग्नल शोषून घेतं, आणि गच्चीवर मोठा अँटेना लावला तरी विहिरीवरून परत बोलणारा फोन तोच लहानसा असतो. ज्या रात्री खरी गरज लागेल त्याच रात्री जोडणी तुटलेली असेल.

त्यांच्यासाठी दोन खरे वॉकीटॉकी घ्या. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरचे कमी शक्तीचे सेट आपल्याकडं २०१८ पासून विनापरवाना वापरता येतात, फक्त खोक्यावर किंवा माहितीत हीच फ्रीक्वेन्सी आणि ईटीए (वायरलेस उपकरणाला मिळणारी सरकारी) मंजुरी लिहिलेली आहे का बघून घ्या. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे बरेच सेट भलत्याच फ्रीक्वेन्सीवर बोलतात, त्यांना हात लावू नका. ऊस या सेटचीही रेंज कमी करतोच, म्हणून आणल्यावर आधी दिवसा विहिरीवर उभं राहून घरी बोलून बघा, आणि तुटक ऐकू आलं तर परत करायची मुदत आहे तोवर परत करा.