वाचकांचे प्रश्न : कॅमेरा वळला की चित्र अडखळतं

प्रश्न (धरमपेठ, नागपूर) : एएमडीच्या आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्डाचा पीसी एचडीएमआयने टीव्हीला जोडला आहे. सिनेमात कॅमेरा आडवा फिरला की चित्र अडखळतं. ड्रायव्हरमध्ये ‘फ्लुइड मोशन व्हिडिओ’ चालू केलं, तरी काडीचा फरक नाही. काय राहिलं?

उत्तर : नुसतं ते बटण दाबून काही होत नाही. ही सोय दोन फ्रेमच्या मधल्या नव्या फ्रेम बनवते, पण त्यासाठी सिनेमा कार्डाच्या त्या भागातून जावा लागतो, आणि ते काम प्लेअरचं.

आधी अडखळण्याचं कारण. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा (नेमकं २३.९७६), टीव्ही चित्र बदलतो ६० वेळा. भाग सरळ जात नाही, म्हणून एक फ्रेम ३ वेळा दिसते, पुढची २ वेळा. म्हणजे एक ५० मिलिसेकंद, दुसरी ३३. सिनेमात धावत्या गाडीच्या खिडकीतून दिसणारे विजेचे खांब बघा, खांब थबकतो आणि मग उडी मारतो.

आता जोडणी. एमपीसी-बीई किंवा एमपीसी-एचसी प्लेअर घ्या, सोबत ब्लूस्काय फ्रेम रेट कन्व्हर्टर हा फिल्टर (प्लेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम) टाका. ऑप्शन्समध्ये एक्स्टर्नल फिल्टर्स उघडा, ‘अ‍ॅड फिल्टर’मधून ब्लूस्काय निवडा आणि ‘प्रिफर’वर खूण करा. ही खूण करायची राहिली की सगळं मुसळ केरात. प्लेअरचा डीकोडर (फाइल उलगडणारा भाग) डीएक्सव्हीए-२ कॉपी-बॅकवर आणि आउटपुट एनव्ही-१२ (८-बिट) ठेवा. १०-बिट फाइल तशीच पुढे गेली तर फिल्टर तिला हात लावत नाही. चालू असताना कंट्रोल + जे दाबा. फ्रेम रेट ६० च्या आसपास दिसला तर काम झालं, २४ च दिसला तर फिल्टर लागलेलाच नाही.

दुसरं राहिलेलं म्हणजे रिफ्रेश रेट (टीव्ही सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो). विंडोजमध्ये ५९.९४ आणि ६० हर्ट्झ असे दोन पर्याय दिसतात. २३.९७६ च्या सिनेमाला ५९.९४ घ्या. ६० ठेवलात तर दर १६-१७ सेकंदांनी एक फ्रेम दोनदा दिसते, आणि दोष मात्र फिल्टरच्या माथी जातो. टीव्हीची स्वतःची स्मूदिंग (ट्रूमोशन, मोशनफ्लो, ज्या कंपनीचं जे नाव) बंद करा. दोघांनी एकाच चित्रावर हात फिरवला की कडा पिघळतात. आवाज पुढे धावत असेल तर नंबर-पॅडवरच्या अधिक-उणेने १०-१० मिलिसेकंद सरकवा.

एक गोष्ट मात्र समजून घ्या. २४ वरून ६० करताना दर ५ फ्रेमपैकी १ च मूळची असते, ४ कार्डाने तयार केलेल्या. कार्ड चित्राचे तुकडे कुठून कुठे सरकले याचा अंदाज बांधतं. माणूस खांबासमोरून गेला की त्याच्यामागून जो भाग नव्याने उघडा पडतो, तो आधीच्या फ्रेममध्ये नसतोच. म्हणून त्याच्या भोवती पाणी हलल्यासारखी झालर दिसते. चाकांचे आरे, जाळी, वेगाने हलणारे हात इथेही हाच घोटाळा होतो. हे खटकत असेल आणि टीव्ही १२० हर्ट्झचा असेल, तर फिल्टर काढून टाका. २४ ला ५ ने गुणलं की १२०, प्रत्येक फ्रेम सारखा वेळ दिसते आणि चित्रपट चित्रपटासारखाच राहतो. आमचा कौल याच बाजूला.

मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असताना कार्ड तापून वेग कमी करतं आणि फ्रेम गळतात. कॅबिनेटची बाजू मोकळी ठेवा, पण कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. ओलसर हवेतली धूळ हीटसिंकच्या पात्यांवर चिकटून घट्ट थर होतो.

प्रश्न (महाल, नागपूर) : लग्नाची मिनी-डीव्ही कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली आहे. तिलाही हेच लावावं का?

उत्तर : अजिबात नको! आपल्याकडची कॅसेट पाल (पीएएल) या टीव्ही पद्धतीची : ७२० × ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, पण ५० फील्ड (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं). म्हणजे ५० खऱ्या हालचाली तिच्यात आधीच आहेत, अंदाजाने नव्या बनवायच्या कशाला? व्हीएलसी प्लेअरमध्ये व्हिडिओ मेनूतून डीइंटरलेस (अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करणं) ‘ऑन’ करा, मोड याडिफ (२एक्स) निवडा आणि टीव्ही ५० हर्ट्झवर ठेवा. वरातीतला नाच सरळ, गुळगुळीत दिसेल. चित्र पुढे-मागे थरथरलं तर फील्डचा क्रम उलटा लागला आहे. डीव्हीत खालचं फील्ड आधी येतं.

मूळ डीव्ही फाइल जपा. एका तासाला सुमारे १३ जीबी लागतात. दुकानातून कॅसेट उतरवून घेणार असाल तर आधीच सांगा, की २५ फ्रेमची एमपी-४ करून देऊ नका. तसं केलं की निम्म्या हालचाली कायमच्या जातात.

प्रश्न (मानेवाडा, नागपूर) : नवं आरएक्स ६६०० घेतलं, त्यात ‘फ्लुइड मोशन व्हिडिओ’चा पर्याय दिसत नाही.

उत्तर : २०१९ च्या आरएक्स ५००० मालिकेपासून तो काढलाच आहे. ‘फ्लुइड मोशन फ्रेम्स’ नावाचं जे दिसतं ते गेमसाठी. व्हिडिओसाठी एसव्हीपी (स्मूथव्हिडिओ प्रोजेक्ट) हा प्रोग्राम वापरा.