बंदीतही न सुकलेली जखम

"मॅडम, ह्या नाटाक म्हणायचा, की तेच्या मनात जीवाचा बरावाईट करूचा हा?"

मालवणकडच्या एका आईनं मला हे विचारलं. शब्द बदलतात, पण मुलाच्या अंगावरच्या जखमा त्यानं स्वतःच करून घेतल्यात हे कळलं की बहुतेक पालक हेच विचारतात. म्हणून ही हकीकत सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

मुलगा बावीस वर्षांचा. वडील पक्षाघातानं अंथरुणाला खिळले, तेव्हा कॉलेज सोडून होडीवर जाऊ लागला. मे महिन्यात झोप येत नाही म्हणून आला. उजव्या हातावर जखमा होत्या. मी विचारलं तर म्हणाला, "जाळ्यान कापला." मीही मान डोलावली. खारं पाणी, दोर, माशांचे काटे. आमच्याकडे कोणाचे हात धड असतात?

जुलैच्या मध्यावर परत आला. मासेमारी बंदी 1 जून ते 31 जुलै असते. होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली झाकलेल्या, जाळी पडवीत. म्हणजे दीड महिना दोराला हात नाही, आणि जखमा मात्र ओल्या. मग मी नीट बघितलं. दोर तळव्याला आणि बोटांच्या आतल्या बाजूला कापतो. याच्या जखमा हाताच्या पाठीवर होत्या, मूठ आवळली की जे उंचवटे दिसतात त्यांच्यावर. करंगळीच्या मुळाशी सूज. मे महिन्यात हे माझ्या नजरेतून सुटलं, ही माझीच चूक.

"हात कशावर आपटतोस?" असं सरळ विचारलं. बराच वेळ पावसाकडे बघत बसला. मग म्हणाला, "चिऱ्याच्या भिंतीर. मागच्या पडवीत." हाड मोडलं म्हणून एकदा प्लास्टरही घातलं होतं, तिथे "होडीवर पडलो" सांगितलं आणि पुढे कोणी विचारलं नाही.

स्वतःला इजा म्हटलं की डोळ्यांसमोर मनगट येतं, आणि तेही मुलीचं. तरुण मुलानं भिंतीवर मूठ आपटली की आपण त्याला 'तापट' म्हणून मोकळे होतो. काहीजण स्वतःची जखम पुन्हा पुन्हा खरवडून ती भरूच देत नाहीत. हेही त्याच जातीचं असू शकतं. 'असू शकतं' असं जपून म्हणते, कारण नुसती खपली काढणं किंवा नखं खाणं हे सर्रास दिसतं. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या 2013 च्या नियमावलीत तेवढ्यावरून आत्म-इजेचं निदान करत नाहीत. म्हणून जखमेच्या आकारापेक्षा आम्ही हे विचारतो: त्याच्या आधी काय झालं होतं, आणि नंतर कसं वाटलं?

त्याचं उत्तर होतं, "बाबांका उचलताना ते शिव्या देतत. आजारी माणसाक काय बोलतलंय? मगे भायर येतंय. दुखता तवसर डोक्यात काय येणा नाय."

राग होता, पण ज्याच्यावर होता त्याच्यावर काढायची सोय नव्हती. वर राग आला याचीच लाज. वेदना घटकाभर दोन्ही गप्प करते, म्हणून माणूस तिच्याकडे पुन्हा पुन्हा जातो. लोकांनी बघावं म्हणून करायचं असतं तर मागची पडवी कशाला निवडली असती?

तर बाई, नाटक नाही. आणि प्रत्येक वेळी मरायचाच विचार असतो असंही नाही. पण धोका वाढलेला असतो, म्हणून तो प्रश्न गाळायचा नाही. मी त्याला विचारलं, "मरून जावं असं येतं का मनात?" विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही. "कधी कधी वाटता, उठूच नये," म्हणाला. ठरवलेलं काही नव्हतं. तरी त्याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांना दाखवलं. रात्री-अपरात्रीसाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर मोबाईलमध्ये घालून दिला. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो. आईला म्हटलं, शपथा घालू नका, रोज हात तपासू नका. वडिलांना उचलायला मात्र दुसरं माणूस बघा. चुलतभाऊ संध्याकाळी येऊ लागला. माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला असावा.

ऑगस्टमध्ये एकदा पुन्हा झालं. त्यानं ते स्वतःहून सांगितलं.

गणपती झाल्यावर आला तेव्हा उजव्या तळव्यावर ताजा वळ होता. माझी नजर गेलेली त्याला दिसली. हात उलटा-सुलटा करून दाखवत हसला, "ह्यो दोरीचोच, मॅडम."