मोटर वाढवू नका, पाइप बदला

प्रश्न: तीन एकर डाळिंब ठिबकवर आहे. विहिरीपासून 300 मीटर मेन लाइन, 63 मिमी पीव्हीसी, 4 किलो दाब सोसणारी. पाणबुडी मोटर 5 एचपी. वरच्या टोकाच्या झाडांना पाणी निम्मंच पडतं. साडेसातची मोटर घेऊ का?

उत्तर: दुकानदाराला अजून शब्द दिला नसेल तर थांबा.

तुमचे ड्रिपर 4 लिटरचे, साधे. ते 1 किलो दाबाला (म्हणजे चौरस सेंटीमीटरला 1 किलो) ताशी 4 लिटर देतात. पाणी निम्मं म्हणजे दाबही निम्मा, असं आपण धरतो. पण साध्या ड्रिपरचं पाणी दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे कमी होतं. 2 लिटर पडतंय याचा अर्थ तिथे दाब पाव किलोच उरलाय. आधी खात्री करा. शेवटच्या ड्रिपरखाली पंधरा मिनिटं तांब्या ठेवा. दाब पुरेसा असेल तर लिटरभर जमायला हवं.

बाकीचा दाब गेला कुठे? 10 मीटर उंच पाण्याचा दाब साधारण 1 किलो, या हिशेबाने बघू. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी 12 मीटर खाली, वरचं टोक आणखी 4 मीटर चढावर, फिल्टर आणि व्हेंच्युरीला (पाण्यातून खत सोडायचं साधन) 5, ठिबकला 10. झाले 31 मीटर. बागेला सेकंदाला 5 लिटर लागतात. ते 63 च्या पाइपातून न्यायचे तर पाण्याला सेकंदाला सुमारे 1.8 मीटर धावावं लागतं आणि नुसत्या घर्षणात 16 मीटर जातात. एकूण 47. तुम्ही पाठवलेल्या पंपावरच्या पाटीच्या फोटोप्रमाणे तुमचा पंप 5 लिटरला 38 मीटरपर्यंतच चालतो. मग तो पाणी कमी सोडतो, आणि त्याचा फटका वरच्या टोकाला बसतो.

आता तोच पाइप 75 मिमीचा धरा. फरक फक्त 12 मिमीचा, पण घर्षण व्यासाच्या जवळपास पाचव्या घाताने घटतं, त्यामुळे 16 चे साडेसहा मीटर होतात. एकूण साडेसदतीस. आहे तीच मोटर पुरते, काठावर का होईना. मोठी मोटर जुन्या पाइपात पाणी 20 टक्के जास्त रेटू गेली तर घर्षण 40 टक्के वाढतं. म्हणजे वाढीव वीजबिलातला बराच भाग पाइपाच्या भिंती घासण्यात जाणार.

पाइप आणण्याआधी फिल्टरच्या दोन्ही बाजूंचा दाब गेजवर बघा. अर्धा किलो फरक असेल तर फिल्टर धुवा, सबमेन-लॅटरल (मेन लाइनपुढचे पाइप आणि ठिबकच्या नळ्या) टोकं उघडून फ्लश करा. कधी कधी एवढ्यावरच भागतं, आणि मग खर्चाचा विषयच राहत नाही.

तुम्ही पुढे विचारलंय की व्हॉल्व्ह बंद केला की पाइपाचा सांधा उडतो, सोल्यूशन (सांधा चिकटवायचा डिंक) खराब आहे का. सोल्यूशनला दोष देऊ नका. त्या 300 मीटर पाइपात सुमारे 820 लिटर पाणी असतं, म्हणजे आठ क्विंटल वजन पळत असतं. ते दोन सेकंदांत अडवलं की असलेल्या दाबावर आणखी चार-पाच किलोचा धक्का बसतो. 4 किलोचा पाइप तो कसा सोसणार? आधी पुढच्या प्लॉटचा व्हॉल्व्ह उघडा, मगच चालू असलेला बंद करा, तोही पंधरा-वीस आकडे मोजत. लाइनच्या सगळ्यात उंच जागी एअर व्हॉल्व्ह बसवा.

प्रश्न: विहिरीच्या काठावर मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र असलेला) आहे. एप्रिलमध्ये पाणी 9 मीटर खाली गेलं की पंप उचलत नाही. फूटव्हॉल्व्ह (पाण्यातल्या पाइपाच्या तोंडाची झडप) दोनदा बदलला.

उत्तर: तिसऱ्यांदा बदलू नका. पंप पाणी ओढत नाही. तो पाइपातला दाब कमी करतो आणि बाहेरची हवा पाणी वर ढकलते. समुद्रसपाटीला ही हवा जास्तीत जास्त 10.3 मीटर ढकलेल, आपल्या पठारावर साडेनऊच्या आसपास. त्यातूनही फूटव्हॉल्व्ह, बेंड आणि पाण्याची वाफ आपला वाटा घेतात. हाती 6 ते 7 मीटर राहतात. विहिरीत खाली कट्टा बांधून पंप पाण्याच्या 5 मीटर वर आणा. पावसाळ्यात तो वर काढायचं मात्र विसरू नका. ते जमणार नसेल तर पाणबुडी मोटर घ्या. इथे खर्च टळत नाही.