'कॉल ऑफ' आणि 'पुट ऑफ': रद्द काय, लांबणीवर काय?

प्रश्न असा आहे: नागपुरात हिवाळी अधिवेशन सुरू झालं की मोर्चे, संप यांच्या बातम्या येतात. मराठी पेपर 'संप मागे' छापतो, इंग्रजी पेपर 'स्ट्राइक कॉल्ड ऑफ'. 'कॉल' म्हणजे बोलावणं, मग 'मागे घेणं' कुठून आलं? आणि 'पुट ऑफ' लिहिलं तर चालेल का?

अर्थ फिरवतो तो 'ऑफ'. 'ऑफ' म्हणजे दूर, बाजूला. सतराव्या शतकातला 'कॉल ऑफ' म्हणजे हाक मारून कुणाला चालू कामापासून बाजूला घेणं. शिकारी कुत्रे सावजामागे लागले आणि मालकाने त्यांना हाक मारून परत बोलावलं, की ते 'कॉल ऑफ द डॉग्ज'. हा प्रयोग आजही होतो. तिथे कर्म कुत्रे होते. पुढे कर्माच्या जागी कामच येऊन बसलं: शोध, हल्ला, संप, सामना, ठरलेलं लग्न. 'रद्द करणं' हा अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळला. संपाच्या बाबतीत तर जोडीच आहे: युनियन कामगारांना संपावर जायला सांगते ते 'कॉल आउट', संप मागे घेते ते 'कॉल ऑफ'.

हे मूळ लक्षात राहिलं की निम्म्या चुका आपोआप टळतात. हाक मारायला हाक मारणारा लागतो, आणि त्याच्याकडे तसा अधिकारही लागतो. म्हणून नागपूरजवळच्या जामठ्याच्या स्टेडियमवरचा क्रिकेट सामना पावसात गेला तर 'रेन कॉल्ड ऑफ द मॅच' लिहू नका. सामना रद्द करतात ते पंच. 'द मॅच वॉज कॉल्ड ऑफ बिकॉज ऑफ रेन' लिहा. रेल्वेचं तिकीट, मोबाइलचा प्लॅन, हॉटेलचं बुकिंग यांनाही 'कॉल ऑफ' लागत नाही, तिथे 'कॅन्सल'च.

'पुट ऑफ'मध्येही 'ऑफ' दूरच नेतो, पण काळात: काम पुढे ढकललं. कसोटी सोपी आहे. वाक्यात 'सोमवारपर्यंत' बसत असेल तर 'पुट ऑफ': 'द एक्झाम वॉज पुट ऑफ टिल मंडे'. 'कॉल्ड ऑफ टिल मंडे' चूक. 'पोस्टपोन'ची घडणही अशीच, लॅटिनमध्ये 'नंतर ठेवणं'. दोन सवयी मात्र वेगळ्याने लावून घ्या. 'पुट ऑफ'नंतर क्रियापद आलं तर ते 'इंग' लावून येतं: 'ही पुट ऑफ पेइंग द बिल', 'टू पे' नाही. आणि कर्म माणूस असेल तर अर्थ बदलू शकतो: 'द स्मेल पुट मी ऑफ' म्हणजे वासानं इच्छाच मेली.

सर्वनाम आलं की ते मधेच बसतं: 'कॉल इट ऑफ', 'पुट इट ऑफ'. 'कॉल ऑफ इट' कुठल्याच परीक्षेत चालणार नाही. नाम असेल तर दोन्ही जागा चालतात, पण नाम लांबलचक असेल तर शेवटी ठेवलेलं बरं.

बोलताना जोर 'ऑफ'वर द्या. 'ऑफ' आणि 'चा-ची-चे' दाखवणारा 'ऑव्ह' हे मुळात एकच शब्द. जोर देऊन उच्चारलेलं रूप 'ऑफ' झालं, बिनजोराचं 'ऑव्ह' राहिलं. जोर सुटला तर ऐकणाऱ्याला दुसराच शब्द ऐकू येतो. बातम्या ऐकताना 'कॉल्ड'चा 'ड' पुढच्या 'ऑफ'ला चिकटून 'कॉल-डॉफ' असा येतो, त्यामुळे कान तसा तयार ठेवा.