माउस बदलला तर मनगटाचं दुखणं थांबतं का?

कमी होतं, पण सगळं खापर माउसवर फोडू नका. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघतो. सौद्यांच्या हंगामात दिवसभर नोंदी. संध्याकाळी उजवं मनगट करंगळीच्या बाजूनं ठणकायचं.

साध्या माउसवर तळवा पालथा पडतो, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतची दोन हाडं एकमेकांवर पिळलेली राहतात. उभा माउस हात मिळवल्यासारखा धरायचा, त्यामुळं पीळ बराच सुटतो. सुरुवातीला नेम चुकतो, आठवडाभर चिडचिड होते. लॅपटॉपसोबत घेतात तो चिमुकला माउस मात्र दिवसभराच्या कामाला नकोच, बोटं आखडतात.

माझा खरा चोर वेगळाच निघाला: कीबोर्डच्या उजवीकडची आकड्यांची बटणं. त्यांच्यापायी माउस लांब सरकलेला, कोपर अंगापासून सुटलेलं, खांदा ताणलेला. आकडे तर मला लागतातच, म्हणून साधाच माउस डाव्या हाताला घेतला. (उजव्या हाताचा महागडा उभा माउस आता पुतण्याकडं.)

अंगठा, तर्जनी, मधलं बोट रात्री बधिर होत असेल तर माउस शोधत बसू नका. मनगटातली नस दबलेली असू शकते, आधी डॉक्टरांना दाखवा.